शिक्षकांची टीम वेळापत्रकापासून काऊन सुरू होते

विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तिकडे जूनच्या मधात घंटा वाजते आणि आपल्याकडे ऊन उतरायची वाट पाहत जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो, आणि त्याच्या आधीच्या चार-आठ दिवसांत जवळपास प्रत्येक शाळेत मुख्याध्यापक नाहीतर पर्यवेक्षक वेळापत्रकाचा मोठा कागद टेबलावर पसरून बसलेले असतात. वर्षभर त्या शाळेत शिक्षकांची टीम होणार की नाही हे बऱ्यापैकी त्या कागदावरच ठरून जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. भाषणात नाही, शिक्षक दिनाला नाही, स्टाफच्या सहलीत पण नाही. मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत शिकवते, पर्यवेक्षकाचं काम पण बघते, त्यामुळे हा कागद माझ्या हातून गेलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी टीम म्हणजे काय ते बघू, कारण इथंच सगळा घोटाळा होतो. कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारा, ते म्हणतील आमचा स्टाफ म्हणजे एक कुटुंब आहे. आणि ते खरं असतं. डबे एकत्र उघडतात, कोणाच्या घरी दवाखाना निघाला तर सगळे धावून जातात, तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी बैल सजवायला सगळा स्टाफ राबतो. हे फार मोलाचं आहे, ते नसेल तर पुढचं काहीच होत नाही. पण आता दुसरा प्रश्न विचारा. सहावीच्या गणिताच्या मॅडमला माहीत आहे का की याच मुलांना मागच्या वर्षी पाचवीत अपूर्णांकांची बेरीज कोणत्या पद्धतीने शिकवली होती? 'अ' तुकडीच्या आणि 'क' तुकडीच्या सरांनी एकमेकांच्या वह्या कधी पाहिल्या आहेत का? बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येतं. म्हणजे माणसं एकत्र आहेत, काम वेगवेगळं आहे.

अमेरिकेतल्या संशोधक ज्युडिथ वॉरन लिटल यांनी १९९० मध्ये याच गोष्टीच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. पहिली म्हणजे नुसते किस्से, आज माझ्या वर्गात काय झालं वगैरे. दुसरी, अडलं तर मदत. तिसरी, साहित्याची देवाणघेवाण, म्हणजे तुमची प्रश्नपत्रिका मला पाठवा, माझं टाचण तुम्ही घ्या. आणि चौथी, खरंखुरं एकत्र काम, ज्यात निकालाची जबाबदारीच सगळ्यांची मिळून असते आणि एकाशिवाय दुसऱ्याचं अडतं. आपल्या बहुतेक शाळा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर उभ्या आहेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपमुळे तिसरी पायरी तर आता एकदम सोपी झालीय, पीडीएफ आली, पुढे ढकलली, झालं. चौथी पायरी आपोआप येत नाही. आपल्याकडे शेतात सावड करतात तसं आहे ते, आज तुमच्या वावरात सगळे, उद्या माझ्या वावरात सगळे, आणि हे कोणी निव्वळ चांगुलपणाने करत नाही, पेरणीचे दिवस थोडे असतात आणि एकट्याने होत नाही म्हणून करतात. शाळेत पण असं काम समोर पाहिजे जे एकट्याने होतच नाही, आणि ते काम ठरवून देणं ही मुख्याध्यापकाची जबाबदारी आहे.

याने खरंच फरक पडतो का असं कोणी विचारलं तर पडतो. मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पपे या दोघांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शाळांचा अभ्यास २०१४ मध्ये मांडला, त्यात दिसलं की जिथे वातावरण चांगलं होतं, म्हणजे सहकाऱ्यांची साथ, मुख्याध्यापकांचा आधार, शिस्त वगैरे, तिथले शिक्षक १० वर्षांत कमकुवत वातावरणातल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्के जास्त सुधारले. याचा अर्थ जरा थांबून लक्षात घ्या. आपण समजतो की चांगला शिक्षक हा मुळातच चांगला असतो आणि बाकीच्यांचं काही होत नाही, पण तोच माणूस एका शाळेत वाढतो आणि दुसऱ्या शाळेत तीन-चार वर्षांत थांबून जातो. हे वाचल्यापासून कोणत्याही शिक्षकाबद्दल "त्यांचं काही खरं नाही" असं बोलायला माझी जीभ रेटत नाही.

मग हे आपल्याकडे काऊन होत नाही? शिक्षक अहंकारी आहेत म्हणून नाही. वेळ नाही म्हणून. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये शिक्षकाचे आठवड्याचे कामाचे ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचा वेळ पण धरलेला आहे, म्हणजे कायद्यालाही मान्य आहे की वर्गात उभं राहणं हेच फक्त काम नाही. पण प्रत्यक्षात शिक्षकाचे रिकामे तास कुठे जातात ते बघा. कोणी रजेवर, कोणी ट्रेनिंगला, कोणाला बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्यूटी, की लगेच शिपाई वही घेऊन येतो आणि बदली तासावर सही करावी लागते. उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधारची दुरुस्ती. अशात शाळा सुटल्यावर साडेपाचला मीटिंग लावली तर कोणाच्या डोक्यात काय शिरणार, एकाला कामठीची बस पकडायची असते, एकीचं लेकरू पाळणाघरात वाट पाहत असतं, त्यामुळे सगळे मान हलवतात आणि उठतात.

म्हणून वेळापत्रक. समजा पाचवीच्या चार तुकड्या आहेत. वेळापत्रक करतानाच बुधवारचा चौथा तास असा बांधायचा की त्या तासाला 'अ' आणि 'ब' मैदानावर क्रीडाशिक्षकांसोबत, 'क' चित्रकलेला, 'ड' वाचनालयात. म्हणजे पाचवीला गणित आणि भाषा शिकवणारे सगळे एकाच वेळी मोकळे. आणि त्या तासापुढे लाल पेनाने लिहून टाकायचं, इथे बदली तास लागणार नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, कारण एकदा का "आजच्या दिवस जा मॅडम" सुरू झालं की महिनाभरात तो तास संपला म्हणून समजा. फार गैरहजेरी असेल तर मुख्याध्यापकांनी किंवा पर्यवेक्षकांनी स्वतः तो बदली तास घ्यावा. याने स्टाफला जो निरोप जातो तो कोणत्याही परिपत्रकाने जात नाही. आपल्या नागपूरची अजून एक अडचण म्हणजे उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि वेळापत्रक पुन्हा मांडावं लागतं, तेव्हा तास छोटे होतात आणि सगळ्यात आधी हाच तास उडतो. तो तेव्हाही शाबूत ठेवायचा, वीस मिनिटं का असेना, पण ठेवायचा.

आता वेळ मिळाला, पण करायचं काय? इथे बऱ्याच चांगल्या मुख्याध्यापकांची गाडी अडते. "चर्चा करा" एवढंच सांगितलं तर चर्चा सूचनांवर जाते, गॅदरिंगवर जाते, सातव्या वेतन आयोगाच्या हप्त्यावर जाते. समोर एक वस्तू पाहिजे. सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे मुलांच्या वह्या नाहीतर उत्तरपत्रिका.

एक उदाहरण जवळून सांगते. पाचवीच्या पायाभूत चाचणीनंतर आमच्या इथे ४०२ मधून १७८ वजा करा हे गणित चारही तुकड्यांत बऱ्याच मुलांचं चुकलेलं होतं. नेहमीसारखं असतं तर प्रत्येकाने आपल्या वर्गात लाल खूण मारली असती आणि वजाबाकी कच्ची आहे, सराव घ्या, असा शेरा लिहिला असता. या वेळी प्रत्येकाने आठ-दहा उत्तरपत्रिका आणल्या आणि टेबलावर उत्तराप्रमाणे ढीग लावले. बरोबर उत्तर २२४. पण चुकीच्या उत्तरांचे दोन मोठे ढीग झाले, एक ३७६ चा आणि एक ३२४ चा. आता ३७६ कुठून आलं? ती मुलं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून छोटा अंक वजा करत होती, २ आणि ८ तर ६, शून्य आणि ७ तर ७, ४ आणि १ तर ३. त्यांच्या लेखी वजाबाकी म्हणजे मोठ्यातून छोटा काढणं, वरचा-खालचा हा विषयच नाही. आणि ३२४ वाल्या मुलांनी दोनाचे बारा केले, शून्याचे नऊ केले, पण चाराचे तीन करायचं राहून गेलं. ही दोन्ही मुलं कच्ची म्हणून एकाच रांगेत बसली असती, आणि दोघांना सारखाच सराव दिला असता, खरं तर दोघांचा आजार वेगळा आहे.

मग लक्षात आलं की ३२४ चा ढीग एकाच तुकडीतून जास्त आला होता. त्या सरांनीच सांगितलं की मी शून्याचे नऊ करायचे असा नियमच पाठ करून घेतो, लवकर होते. बाजूच्या मॅडम काड्यांचे गठ्ठे वापरत होत्या, शंभराचा एक गठ्ठा सोडायचा, त्याचे दहा-दहाचे दहा गठ्ठे, त्यातला एक सोडून दहा सुट्या काड्या, त्यांच्या वर्गात ही चूक फारशी नव्हती. सर म्हणाले, "मॅडम, ते गठ्ठे उद्या माझ्या वर्गात आणून दाखवता का?" त्या गेल्या. कोणी कोणाला उपदेश केला नाही, कोणाचा कमीपणा झाला नाही. पुढच्या बुधवारी तशाच प्रकारचं एक गणित देऊन पुन्हा ढीग लावायचे एवढंच ठरलं आणि इतिवृत्तात तीन ओळी लिहिल्या. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हे की तासाच्या शेवटी कोणीही "आजकालची मुलं" हे शब्द उच्चारले नव्हते. आम्ही एक नियम केला आहे, पहिली पंधरा मिनिटं पालक लक्ष देत नाहीत आणि मोबाईलने वाटोळं केलं हे दोन्ही विषय बंद. ते विषय खरे आहेत, पण त्यांच्यावर त्या टेबलाशी बसून काही करता येत नाही, आणि ३७६ वर करता येतं.

यापुढची पायरी म्हणजे एकमेकांचा तास बघणं. जपानमध्ये ही पद्धत शंभराहून जास्त वर्षांपासून आहे, तिला तिकडे जुग्यो केन्क्यू म्हणतात. शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात आणि मग बसून बोलतात. यात एक बारीक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. बघणारे शिक्षकाकडे बघत नाहीत, मुलांकडे बघतात. कोणत्या मुलाने कुठे लिहायचं थांबवलं, कोणी बाजूच्याचं पाहून लिहिलं, प्रश्न विचारल्यावर कोणती मुलगी हात अर्धा वर करून खाली घेते. आणि पाठ सगळ्यांनी मिळून केलेला असल्यामुळे तो फसला तर आपला पाठ फसला, तुमचा नाही. आपल्याकडे वर्गात मागच्या बाकावर कोणी येऊन बसलं म्हणजे तपासणी, लॉगबुक, गोपनीय अहवाल असाच अर्थ होतो, शिक्षकाचा आवाज बदलतो, मुलं पण ताठ बसतात. त्यामुळे तास बघायची सुरुवात मुख्याध्यापकांनी स्वतःपासून करावी. स्वतः एक पाठ घ्यावा, दोन शिक्षकांना मागे बसवावं, आणि नंतर विचारावं की कोणती मुलं माझ्या हातून सुटली. शिक्षण-संशोधक व्हिवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेच निघालं, मुख्याध्यापक करतात त्या सगळ्या कामांत मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम होता तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देण्याचा आणि त्यात स्वतः सामील होण्याचा. नुसतं आयोजन करून ऑफिसात निघून जायचं नाही, खुर्ची ओढून बसायचं.

आता भरवशाचं. अमेरिकेतल्या संशोधक अ‍ॅमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, औषध देताना होणाऱ्या चुकांचा. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, तर निघाल्या जास्त. कारण शोधल्यावर कळलं की चांगल्या टीममधली माणसं चुका लपवत नव्हती, बोलून दाखवत होती, दुसरीकडे चुका होत होत्या पण कागदावर येत नव्हत्या. शाळेत हेच लावून बघा. ज्या शाळेत निकालाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर टक्के वाचून उभं केलं जातं, त्या शाळेत ३७६ चा ढीग टेबलावर कोण आणणार? तिथे सगळ्यांच्या तुकडीत सगळं छानच असतं, दहावीपर्यंत. शिकागोच्या शाळांवर अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी नव्वदच्या दशकात खूप मोठं काम केलं, त्यात ज्या शाळांत आपसात भरवसा पक्का होता त्यांची सुधारण्याची शक्यता दोनात एक होती आणि जिथे नव्हता तिथे सातात एक. भरवसा कशावर बनतो हे पण त्यांनी सांगितलं, आदर, कामातली कुवत, माणूस म्हणून वाटणारी काळजी, आणि बोलणं-वागणं एक असणं. चौथी गोष्ट मुख्याध्यापकांसाठी फार अवघड असते. बदली तास लागणार नाही म्हणालात आणि लावला, की गेली.

वरून आदेश काढून हे होत नाही हे मात्र लक्षात ठेवायला पाहिजे. शिक्षण-संशोधक अँडी हारग्रीव्हज यांनी याला बनावट सहकार्य असं म्हटलं होतं, म्हणजे सक्तीची बैठक, ठरलेला फॉर्म, ठरलेली वेळ, आणि आत काहीच नाही. आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे बैठकीचा फोटो ग्रुपवर टाका. फोटोसाठी सगळे टेबलाभोवती येतात आणि फोटो झाला की बैठक झाली. मुख्याध्यापकांनी वेळ, जागा आणि काम द्यावं, पण कोणत्या गणितापासून सुरू करायचं, कोणाच्या वर्गात आधी जायचं हे शिक्षकांना ठरवू द्यावं. आणि पूर्ण शाळेत एकदम सुरू करू नये. ज्या दोन-तीन जणांना उत्साह आहे त्यांच्यापासून करावं, बाकीचे स्टाफरूममध्ये ऐकून राहिलेले असतातच.

आता एक विषय, ज्यावर कोणी उघड बोलत नाही पण टीम तिथेच तुटते. एकाच टेबलाशी बसलेल्या लोकांची परिस्थिती सारखी नसते. एक शिक्षक पूर्ण वेतनश्रेणीवर वीस वर्षं झालेले, बाजूला शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर काम करणारे, ज्यांचं मानधन २०२३ मध्ये वाढलं तरी प्राथमिकला महिन्याला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० आहे, आणि त्यांच्या बाजूला तासिका तत्त्वावरचे सर ज्यांना तासाप्रमाणेच पैसे मिळतात. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तुम्ही फुकट मीटिंगला बोलावलं तर ते येतील, नाही म्हणायची त्यांची सोय नसते, पण हे बरोबर नाही. एक तर त्या बैठकीचा तास म्हणून धरा नाहीतर त्यांच्या असलेल्या तासातच बसवा. त्यात दुसऱ्या शाळेतून समायोजन होऊन आलेले अतिरिक्त शिक्षक असतात, ज्यांची जुनी शाळा पटसंख्येमुळे गेली, मनातून दुखावलेले असतात, त्यांना पहिल्याच आठवड्यात उरलेसुरले तास देऊन कोपऱ्यात बसवू नये. आणि सेवाज्येष्ठता तर आहेच. शिक्षणसेवक मॅडमनी काही सुचवलं की एखादे ज्येष्ठ सर म्हणतात, "तुम्ही अजून नव्या आहात, काऊन उगाच ताण घेता." यावर वाद घालून काही मिळत नाही. मी एकदा अशाच एका सरांना म्हटलं, "सर, पाचवीतून दहावीला गेलेली पोरं नेमकी कुठे अडतात हे तुमच्याइतकं इथे कोणालाच माहीत नाही, तेवढं आम्हाला सांगता का?" ते पुढच्या बैठकीला जुन्या बोर्डाच्या पेपरातल्या चुकांची आपली वही घेऊन आले. ती वही कित्येक वर्षांची होती आणि कोणी कधी मागितलीच नव्हती.

हे सगळं मोठ्या शाळेचं झालं. भिवापूर, कुही, हिंगणा या भागात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत, दोघांत चार-पाच वर्ग, तिथे कोण कोणासोबत बसणार? तिथली टीम केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात बनते. केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद महिन्यातून भरतेच, तिचा बराच वेळ सूचना आणि माहिती गोळा करण्यात जातो. केंद्रप्रमुखांनी ठरवलं तर सूचना आधी मोबाईलवर पाठवून द्यायच्या आणि परिषदेत दुसरी शिकवणाऱ्या सगळ्यांना एका खोलीत, चौथी शिकवणाऱ्यांना दुसऱ्या खोलीत बसवायचं, प्रत्येकाने पाच वह्या आणायच्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय, आणि आपण ते तास बहुतेक व्हिडिओ आणि लिंकांमध्ये संपवतो. मला वाटतं त्यातले निदान काही तास तरी अशा खोलीत जायला पाहिजेत.

एक शेवटचं काम राहतं ते म्हणजे जपून ठेवणं. बदल्या होतात, संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून पदं ठरवताना, पद जातं, माणसं रिटायर होतात, आणि त्यांच्यासोबत सगळं निघून जातं, कारण ते त्यांच्या मोबाईलमध्ये नाहीतर डोक्यात असतं. म्हणून प्रत्येक इयत्तेची एक साधी फाईल शाळेच्या कपाटात असू द्यावी, त्यात त्या वर्षी कोणत्या चुकांचे ढीग निघाले, काय करून पाहिलं, काय जमलं, काय नाही जमलं, प्रत्येकी अर्ध्या पानात, सोबत त्या चुकलेल्या उत्तरांच्या दोन-चार झेरॉक्स. नवीन शिक्षक रुजू झाले की हजेरीपटासोबत ही फाईल पण त्यांच्या हातात द्यायची, आणि पाचवीच्या टीमचा तास बुधवारचा चौथा आहे ते त्याच दिवशी सांगायचं.